त्या रात्री बा चावडीत होता

हवालदाराने आमच्या देवीचं गाठोडं काठीच्या टोकाने उचललं आणि खोपीबाहेर मातीत भिरकावलं.

लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं. आत चांदीचा टाक, थोडी मोरपिसं. आजाच्या आजापासून चालत आलेलं. गाठ सुटली. टाक धुळीत पालथा पडला. मोरपिसं वाऱ्यावर निघाली.

"चांदी हाय की रं. कुठनं मारली?" हवालदार म्हणाला आणि बुटाच्या टोकाने टाक उलटा केला.

माझ्या बापाचे हात तोवर पाठीमागे बांधून झाले होते. त्याच्याच दोरीने. तो तितर धरायचे फासे करायचा, ती दोरी. दुसरा पोलीस त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता. पण बाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो टाकाकडे बघत होता. त्याला तसाच ओढत नेला.

आम्ही पारधी. आमच्या घराण्यात बाईमाणसाने देवीला शिवायचं नसतं. तिच्यावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. म्हणून पोलीस गेले, धूळ खाली बसली, तरी आई आणि मी तशाच उभ्या. देवी मातीत आणि आम्हाला उचलता येईना. वस्तीतले बाकीचे बाप्ये पोलीस बघून माळावर पळाले होते. एक कुत्रं हुंगत आलं. आईने त्याला दगड मारला. मग आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो, सावली पडणार नाही अशा, आणि कुत्री हाकलत राहिलो. ऊन फिरेल तसं आम्ही सरकत होतो. दुपार कलल्यावर तात्या आला. तात्या म्हणजे माझा थोरला चुलता, वस्तीचा म्होरक्या. त्याने टाक धोतराच्या सोग्याने पुसला, गाठोडं बांधलं. बांधता बांधता रडला.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. देवीला मी लई भ्यायचे. रात्री तिच्याकडे पाय करून झोपायचे नाही. आणि त्या दिवशी मला दिसलं की देवीला बूट लावणारी माणसं असतात आणि त्यांचं काही वाकडं होत नाही. ती संध्याकाळी घरी जाऊन जेवतात. मला त्यांची जास्त भीती वाटायला लागली. ती आजवर पुरली आहे.

बहात्तरच्या दुष्काळाची ही गोष्ट. आमचं गाव नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, सीना नदीच्या अंगाला. सीना तेव्हा नुसती वाळू होती. सगळा मुलूख सरकारी कामावर खडी फोडत होता. कालपर्यंत ज्यांच्या दारात आम्ही भाकरी मागायचो त्या मालकिणीसुद्धा डोक्यावर पदर घेऊन दगड फोडायला बसलेल्या. खायला परदेशातला लाल मिलो, ज्वारीसारखा. त्याची भाकरी थापली की फुटायची. भूक सगळ्यांनाच होती. पण काही चोरीला गेलं की भूक फक्त पारध्यांना असायची.

गावातल्या एका बागायतदाराचं पेव कुणीतरी रात्रीतून फोडलं. जमिनीत खणलेलं, ज्वारी साठवायचं पेव. सकाळी पोलीस आले ते सरळ आमच्या वस्तीवर. माग काढला नाही, कुणाला विचारलं नाही. बाप्ये पळाले. बा तेवढा पळाला नाही, कारण त्याला पळायचं कारणच दिसलं नाही. तो नुकताच चावडीतून आला होता.

आता हे नीट ऐका. ज्या रात्री पेव फुटलं त्या रात्री माझा बाप गावच्या चावडीत होता. बाहेरून कडी लावलेली होती.

इंग्रजांनी कायदा केला होता की आमची जात जन्मानेच गुन्हेगार. आईच्या पोटातलं पोरसुद्धा. आजा-आजीला धरून सोलापूरकडे तारेच्या कुंपणात नेऊन टाकलं. माझा बा त्या तारेच्या आत जन्मला. देशाला स्वातंत्र्य आलं, ते आम्हाला आणखी काही वर्षांनी आलं. तार तोडली, भाषण झालं. आजपासून तुम्ही विमुक्त, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बा सांगायचा, "टाळ्याबी आमीच वाजवल्या." कोंडलं त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मोकळं केलं हे उपकार म्हणून सांगितलं.

हजेरीचा कायदा गेला. पण आमच्या गावातून हजेरी गेली नाही. पोलीस पाटलाने ती चालूच ठेवली. दिवस मावळायच्या आत वस्तीतल्या सगळ्या बाप्यांनी चावडीसमोर येऊन ओळीने उकिडवं बसायचं. मान खाली. पाटील ओट्यावरून एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव येईल त्याने म्हणायचं, "हाय, मायबाप." मग सगळ्यांनी चावडीच्या मागच्या खोलीत जायचं. बाहेरून कडी. दिवस उगवला की पाटलाचा गडी कडी काढायचा. एखादा हजेरी चुकला की पाटील फौजदाराला कळवायचा आणि मग त्या माणसाची गत काय व्हायची ते मला सांगवत नाही.

त्यामुळे रात्री वस्तीवर फक्त बाया आणि पोरं. गावातल्या कुणालाही ते ठाऊक. आई उशाशी कोयता घेऊन निजायची. एवढ्यावरून समजून घ्या.

मला वाटलं, सोपं आहे. पाटलाने एवढंच सांगायचं की हा माणूस माझ्या कडीत होता. आईलाही तसंच वाटलं. आम्ही दोघी पाटलाच्या घराच्या वाटेला लागलो. तो दारात बाजेवर बसून पान लावत होता. आई लांब उभी राहिली. मी तिच्या पाठीमागे.

"पाटील, तुमी येवढं सांगा की फौजदारसायबास्नी. माझा मालक रातभर चावडीत हुता. कडी तुमीच घातली."

पाटलाने पानाला चुना लावला. आवाज चढवला नाही.

"कुठली हजेरी आन् कुठली कडी? सरकारनं ते बंद केलंय. म्या कुनाला कोंडत न्हाई." मग वर बघितलं. "पुन्यांदा चावडीचं नाव काढशील तर तूबी आत जाशील. पोरगीबी."

परतताना मी सगळी वाट विचार करत होते. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडाचीच मला भीती वाटली. बा निर्दोष आहे हे सांगायला पाटलाला स्वतःचा गुन्हा सांगावा लागला असता. आमच्यावर रोज जो अन्याय होत होता तोच आमचा पुरावा होता. आणि तो अन्याय कागदोपत्री संपलेला होता. म्हणजे बा त्या रात्री कुठेच नव्हता.

बाला तालुक्याच्या कोठडीत ठेवलं होतं. आई भाकरी घेऊन जायची, शिपाई ती ठेवून घ्यायचा, बाला भेटू द्यायचा नाही. आतून ओरडल्याचा आवाज यायचा. तो बाचा की दुसऱ्या कुणाचा, हे आई घरी येऊन सांगायची नाही.

मग एके दिवशी फौजदार शाळेत आला.

मी चौथी पास झालेली होते. पारध्याची पोर चौथीपर्यंत शिकली हे आमच्या वस्तीत नवल होतं. चारही वर्षं दाराशी बसले, चपला काढतात तिथं. पण पाठांतर माझं चांगलं होतं आणि पुस्तकातलं मराठी मला सरळ बोलता यायचं. गुरुजींनी मला बोलावून घेतलं. फौजदार खुर्चीत बसलेला. मी उंबऱ्याबाहेर.

"हीच का ती? बोल बघू काहीतरी."

मी वाघाची कविता म्हणून दाखवली.

"जमेल," फौजदार म्हणाला.

प्रांतसाहेब गावात येणार होते. पारध्यांच्या सुधारणेचा कार्यक्रम होता. चावडीसमोर व्यासपीठ, कर्णा, हार. फौजदाराच्या हद्दीतले पारधी गुन्हेगारी सोडतात, असं साहेबांसमोर दाखवायचं. पुरुषांना धोतर, बायांना लुगडं वाटायचं. आणि सगळ्या जातीच्या वतीने एकाने उभं राहून माफी मागायची. ते एक मी.

"नीट बोललीस तर बाप त्याच दिवशी घरी," फौजदार म्हणाला. "न्हाईतर मग कोर्टबिर्ट. लई लांबचं काम हाय ते."

माफी गुरुजींनी लिहून दिली आणि पाठ करून घेतली. ती मला अजून येते. "आम्ही पारधी. आजवर आमच्या जातीने चोऱ्या केल्या, दरोडे घातले. माझ्या वडिलांनी पेव फोडले. आम्हाला त्याचा पश्चात्ताप झाला आहे. मायबाप सरकारने आम्हाला एकवार क्षमा करावी."

"गुरुजी, बा चावडीत होता," मी म्हटलं.

गुरुजींनी उठून दार लोटलं. "मला माहीत आहे. हळू बोल." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हणून टाक बाळ. शब्दच तर आहेत."

गुरुजी वाईट नव्हते. त्यांची बदली होऊ शकत होती, माझा बाप मरू शकत होता. भीती दोघांनाही होती. पण त्यांची भीती खुर्चीत बसू शकत होती.

त्यांना शब्दच वाटत होते, कारण पुढचं त्यांना कळलं नव्हतं. फौजदाराला कुणीतरी सांगितलं होतं की पारधी देवीच्या शपथेशिवाय कशाला बांधील नसतो. म्हणून त्याने तात्याला हुकूम सोडला की गाठोडं व्यासपीठावर आणायचं आणि पोरीने त्यावर हात ठेवून बोलायचं. देवीवर हात ठेवून कबूल केलेलं आमच्यात फिरत नाही. मग जातपंचायत साक्ष विचारत नाही, पुरावा विचारत नाही. बा कोठडीतून सुटला असता आणि जातीत जन्मभराचा चोर झाला असता. त्याच्या चुलीवरचं कुणी खाल्लं नसतं. आणि त्यातही हात बाईचा.

तात्या चाचरत म्हणाला, "सायेब, बाईमानूस देवीला शिवत न्हाई आमच्यात."

"मग आजपास्नं शिवंल," फौजदार हसला. "सुधारना म्हंत्यात ती हीच."

कार्यक्रमाच्या दिवशी आईने माझी वेणी घातली. तिचे हात गार होते. "म्हन तू," ती म्हणाली. "काय सांगायला लावत्यात ते म्हन. तुझा बा घरी येऊ दे. देवीला काय सांगायचं ते माझं मी बघीन." मी मान हलवली. मी म्हणणारच होते. हे लपवण्यात अर्थ नाही. मी बंड करायला निघाले नव्हते. मला बाप पाहिजे होता.

साहेब दुपारी येणार होते. आले तेव्हा उन्हं कलली होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारदऱ्याकडे कुठेतरी त्यांचा मुक्काम होता म्हणे, तिथून यायला उशीर झाला. आमची माणसं सकाळपासून जमिनीवर बसून होती. गाव भोवती उभं. कर्ण्यावर गाणी लावली होती. मग भाषणं. साहेब मृदू बोलले. समाजाच्या मुख्य प्रवाहात या, म्हणाले. मला वाटलं सीनेबद्दल बोलतायत, आणि सीनेला तर पाणी नव्हतं.

व्यासपीठाच्या बाजूला पोलिसांची गाडी उभी होती. तिच्या सावलीत बा बसलेला दिसला. दोन शिपायांच्या मधे, हात बांधलेले. कंबरेपासून वर तो माझा बाप होता. खाली पाय सुजून काळे पडले होते. त्याला उतरवताना उचलून उतरवला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो व्यासपीठावरच्या टेबलाकडे बघत होता. तिथं लाल गाठोडं ठेवलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठले. पायरी चढताना माझा परकर ओला झाला. लाज वाटायलाही वेळ नव्हता. गुरुजींनी कर्ण्याचा माईक माझ्या तोंडापाशी खाली वाकवला. फौजदार टेबलामागे उभा होता. त्याने डोळ्यांनी गाठोडं दाखवलं.

मी हात पुढे केला. मधेच थांबला. आजपर्यंत मी तिच्यावर सावली पाडली नव्हती. वाटलं, हात जळेल. डोळे मिटले आणि ठेवला. फडकं मऊ होतं. आतला टाक बोटांना लागला. जळलं काही नाही.

"आम्ही पारधी," मी म्हटलं. माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला.

पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. चोऱ्या केल्या. दरोडे घातले. ते जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. खोटं बोलायची मला सवय नव्हती असं नाही. पोटासाठी आम्ही हजारदा खोटं बोललो असू. पण हात टाकावर होता. त्या टाकाला बूट लागला तेव्हा मी दिवसभर उन्हात बसून कुत्री हाकलली होती. आता त्याच्यावरच हात ठेवून त्या बुटाची माफी मागायची होती. ते मला जमेना.

"माझा बा चोर नाही. पेव फुटलं त्या रात्री तो चावडीत होता. पाटलांनी कोंडलं होतं. वस्तीतल्या सगळ्या बाप्यांना रोज कोंडतात. देवीवर हात ठेवून सांगते. आम्ही माफी कशाची मागायची?"

कर्णा किंचाळला. कुणीतरी वायर ओढली. फौजदाराने माझा दंड धरला तो इतका जोरात, की पुढे कित्येक दिवस बोटं उमटलेली होती.

साहेबांनी चष्मा काढला. "काय पाटील? हजेरी चालू आहे?"

"न्हाई सायेब." पाटील हात जोडून उभा राहिला. "कायदा झाल्यापास्नं बंद हाय. गावाला इच्यारा."

साहेबांनी गावाकडे बघितलं. गाव गप्प. मग त्यांनी आमच्या माणसांकडे बघितलं. "तुमच्यातला म्होरक्या कोण?"

तात्या उठला. तात्यानेच ते गाठोडं धुळीतून उचललं होतं. रोज संध्याकाळी ओळीत पहिला तोच बसायचा. त्याने पाटलाकडे बघितलं, फौजदाराकडे बघितलं.

"न्हाई, मायबाप," तो म्हणाला. "हजेरी न्हाई. पोर भ्यालीया. कायबी बोलती."

मला तात्याचा संताप आला. आजही येतो. पण त्याच्या पायांनी पूर्वी काय सोसलं होतं तेही मला ठाऊक होतं. मी व्यासपीठावर एकटी उभी होते आणि मला पक्कं वाटलं की आता बाला मारणार. माझ्यामुळे. आईने तोंडात पदर कोंबला होता.

"असू द्या, लहान आहे," साहेब म्हणाले आणि वाटप सुरू करायला सांगितलं. मला खाली ढकललं. एकेक माणूस वर जाऊन धोतर घेऊन साहेबांच्या पाया पडू लागला. साहेब हसून फोटो काढून घेत होते.

तेवढ्यात दिवस देवळाच्या मागे गेला.

आधी एक म्हातारा उठला. नवं धोतर काखेत धरून तो चावडीच्या ओट्यासमोर गेला आणि उकिडवा बसला. मग दुसरा त्याच्या शेजारी. मग एकेक करत सगळेच. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. दिवस मावळला की पाय तिकडे वळायचे, तसे वळले. बाप्यांची ती ओळ रोजच्यासारखी बसली. माना खाली. तात्या पुढे, पहिल्या जागेवर. आणि गाडीच्या बाजूने माझा बा, हात बांधलेले, पाय टेकवत नव्हते, तरी बुडावर घसटत घसटत ओळीच्या शेवटाला येऊन पोचला. शिपाई नुसते बघत राहिले.

फोटोवाला थांबला. पाटील ओट्याजवळ उभा होता. नाव घ्यायला त्याचं तोंड उघडलं नाही. घेणार कसा?

नाव न घेताच तात्या म्हणाला, "हाय, मायबाप."

मग दुसरा. "हाय, मायबाप." मग तिसरा. ओळीच्या टोकापर्यंत. शेवटचा आवाज बाचा होता.

साहेबांनी ते बघितलं. सगळ्या गावाने बघितलं. साहेब पाटलाकडे वळले, काही विचारणार असं वाटलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "उशीर झाला," म्हणाले. मी व्यासपीठाच्या खाली, गाडीच्या वाटेवरच उभी होते. जाता जाता ते फौजदाराला म्हणाले ते मी ऐकलं. "आजचं बाहेर कुठं जाता कामा नये. आणि त्या माणसाला सोडून द्या."

एवढंच. त्या ओळीसमोर ते थांबले नाहीत. वाकले नाहीत. चूक झाली, असं म्हणायला फार वेळ लागला नसता. गाडी सुरू असतानाही म्हणता आलं असतं.

बाला दुसऱ्या दिवशी सोडला. सुटका केली नाही, टाकून दिला, गावाबाहेर रस्त्याच्या कडेला. आई आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून आणला. पेव कुणी फोडलं ते आजवर कळलं नाही. कुणी शोधलंही नाही. मी देवीला शिवले म्हणून आमच्या पंचांनी मला वाळीत टाकलं, माझी भाकरी वेगळी झाली. ते मी भोगलं. त्या पंचांशीही माझं भांडण आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर भांडले आहे.

बाला आणला त्या दिवशी संध्याकाळी तो खोपीत पडून होता. आईने पायाला हळद लावली होती. उन्हं उतरली तसा तो उठून बसला. काठी शोधायला लागला.

"कुठं निघालास?" आईने विचारलं.

"दिस चाललाय," बा म्हणाला.

मी दारात जाऊन उभी राहिले.

"बा, जायचं न्हाई."

"सर बाजूला. मारत्याल."

"हजेरी बंद हाय. पाटील सोता बोलला. सायबापुढं, समद्या गावापुढं. आता तो कंच्या तोंडानं इच्यारंल?"

बाने काठी धरली होती. तो माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. कार्यक्रमात बघितलं नव्हतं ते सगळं त्याने तेव्हा बघून घेतलं असावं. मग दारातच बसला. मांडी घालून बसला. उकिडवा नाही. आईने त्याचे हात आपल्या मांडीवर धरून ठेवले.

बाकीचे बाप्ये वाटेवर निघाले होते. बाला बसलेला बघून थांबले. तात्याही थांबला. एकेक जण परत वळला आणि आपापल्या दारात बसला. दिवस मावळला. पाटलाचा गडी वाटेवर येऊन ओरडला, "आरं ए, काय झालं? चला की."

बा म्हणाला, "हजेरी बंद हाय म्हनं."

गडी आल्या वाटेने निघून गेला. आम्ही पोलिसांच्या गाडीच्या आवाजाची वाट बघत बसलो. बैलगाडी गेली तरी पोरं आपापल्या आईच्या मागे लपत होती. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही, व्यासपीठावरसुद्धा नाही. त्या दिवशी गाडी आली नाही. पुढे आली, कितीदा तरी आली, दुसऱ्या चोऱ्यांसाठी आली, आणि बाप्यांना घेऊन गेली. पण आमच्या गावात हजेरी पुन्हा बसली नाही.

बाचे पाय कधी बरे झाले नाहीत. माळावर फासे लावायला तो पुन्हा गेला नाही.

परवा एक शिकलेला पोरगा घरी आला होता. माझ्याच भाच्याचा मित्र. म्हणाला, "आजी, परदेशात म्हणे मूळच्या रहिवाशांना सरकारने छळलं त्याची सरकारने माफी मागावी की नको, असा वाद चालतो. आपल्याकडे मागावी का? ज्यांनी केलं ते तर मेले. त्याने होणार काय? त्यापेक्षा जमीन द्यावी, घर द्यावं."

जमीन द्यावीच. घर द्यावंच. ते आमचं देणं आहे, त्याला माफी म्हणत नाहीत. आणि ज्यांनी केलं ते मेले म्हणतोस, तर माझा बा ज्याच्यासाठी सुजल्या पायांनी घसटत गेला, तो कायदाही तेव्हा मेलेलाच होता. मेलेला कायदा माणसं कोंडू शकतो, तर जिवंत सरकार तोंड उघडू शकतं.

माफी काय असते ते मला विचारा. माझ्या तोंडात घातली होती. अजून पाठ आहे. मी चोरी केली नव्हती तरी मला मागायला उभी केली. ज्यांनी केलं त्यांना एकदाही कुणी उभं केलं नाही. आम्ही तुम्हाला जन्माआधीच चोर म्हटलं, तारेत ठेवलं, तार तोडल्यावरही कोंडलं, ते आमचं चुकलं. एवढी वाक्यं आहेत. चौथीच्या पोरीला पाठ होतात.

आणि ती माफी दिल्लीत, मुंबईत नको. आमच्या गावात, चावडीसमोर, दिवस मावळायच्या वेळी. खुर्चीत बसून नाही. माझा बाप बसायचा तसं, ओळीत. मान खाली घालून. माफ करायचं की नाही ते मग आम्ही बघू. मी करीन असं समजू नका.

भीती गेलेली नाही. आजही उन्हं उतरली की माझे गुडघे आपोआप दुमडायला बघतात, आणि मी तर त्या ओळीत एकदाही बसले नव्हते. त्या वेळी मी उठते. हातातलं काम टाकते आणि दारात जाऊन उभी राहते. अंधार पडेपर्यंत मी बसत नाही.